दिव्यामागून आलेलं मांजर

न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचं बेट आहे. जेमतेम दीड चौरस किलोमीटरचं, कडेकपारींचं. जहाजांना वाट दाखवायला तिथे दीपगृह उभं राहिलं आणि जानेवारी १८९४ मध्ये दिवा लागला. दिव्यामागून अख्खा संसार बेटावर उतरला: दीपरक्षकांची बायकामुलं, गुरंढोरं, त्यांच्या चाऱ्यासाठी जंगलतोड आणि मांजर.

त्याच वर्षी मांजराने तोंडात धरून चिमुकले पक्षी घरी आणायला सुरुवात केली. सहायक दीपरक्षक डेव्हिड लायल पक्ष्यांचा शौकीन. त्याने ते जपून ठेवले आणि जाणकारांकडे पोचवले. इंग्लंडमधल्या धनाढ्य वॉल्टर रॉथशिल्डने नऊ नमुने विकत घेऊन पक्ष्याला लायलचंच नाव दिलं. रेन नावाचा हा चिमुकला पक्षी चिमणी-कावळ्यांच्या गणातला, पण न उडणारा. या गणात असे पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. लायलला तो जिवंत फक्त दोनदा दिसला. खडकांतून उंदरासारखा सुसाट पळायचा, पंख असूनही उडायचा नाही. मांजराला आणखी काय हवं?

एका मांजराने एक अख्खी जात संपवली, ही गोष्ट मग जगभर झाली. सांगायला झकास, पण अर्धवट. एकतर मांजरं लवकरच रानात पसरली आणि त्यांची पैदास झाली. पुढे दीपरक्षकांना ती गोळ्या घालून मारावी लागली. दुसरं म्हणजे, या पक्ष्याची जुनी हाडं न्यूझीलंडच्या दोन्ही मुख्य बेटांवर सापडली आहेत. वटवाघळं सोडली तर तिथे जमिनीवर राहणारे सस्तन प्राणी नव्हते. पॉलिनेशियन दर्यावर्दींबरोबर उंदीर आला आणि तिथला रेन गेला. स्टीफन्सवर उंदीर पोचला नाही, म्हणून एवढा तुकडा उरला होता. मांजराने मारला तो शेवटचा घास.

मार्च १८९५ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका वर्तमानपत्राने उपरोधाने सुचवलं, की अशा बेटांवर दीपरक्षकांना मांजर नेऊ देऊ नये, उंदरांसाठी पिंजरे हवे तर सरकारी खर्चाने द्यावेत. तोवर उशीर झाला होता. मांजरं पुरती नाहीशी व्हायला १९२५ उजाडलं आणि १९८९ मध्ये दिवा स्वयंचलित झाल्यावर माणसांचा मुक्कामही हलला. आता बेटावर परवानगीशिवाय उतरता येत नाही. डायनासोरांच्या काळातल्या सरपटणाऱ्यांच्या एका गणाचा एकमेव वारस, तुआतारा, तिथे हजारोंनी आहे. समुद्रपक्ष्यांच्या बिळांत राहतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो.