एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर

वृद्धाश्रमातली सर्वांत धावपळीची वेळ म्हणजे सकाळ. यवतमाळ किंवा वाशीमकडच्या एखाद्या गावात दोन मावशी आणि अंथरुणाला खिळलेले दहा-बारा आजी-आजोबा असतील, तर डायपर बदलणं, अंग पुसणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, चहा पाजणं हे सगळं त्याच चार हातांनी उरकायचं असतं. जंतू एका पलंगावरून दुसऱ्यावर जातात ते मुख्यतः याच हातांवरून.

हातमोजे घातले की काळजी मिटली, असं पुष्कळ ठिकाणी धरून चालतात. मोज्यामुळे मावशीचा हात वाचतो. पुढच्या पलंगावरच्या आजींना मात्र मळलेला मोजा आणि मळलेला हात सारखाच. म्हणून एका माणसाला एक जोड, आणि तो काढल्यावरही हात धुवायचेच. मोज्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात आणि काढताना घाण मनगटाला लागते. लघवीची पिशवी रिकामी करायचं भांडंही प्रत्येकाचं वेगळं हवं. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर लटकवावी, पण जमिनीला टेकू देऊ नये.

हात कधी धुवायचे, याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत: माणसाला हात लावण्याआधी, जखम किंवा नळी हाताळण्याआधी, मलमूत्र-रक्ताचा संबंध आल्यावर, माणसाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. शेवटचा सहज सुटतो. पलंगाचा कठडा किंवा पाण्याचा तांब्या उचलून ठेवला, तर हात धुवावेसे कोणाला वाटणार? हात स्वच्छ दिसत असतील तर सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळला तरी चालतो. आश्रमात जुलाबाची साथ असेल तेव्हा मात्र साबण आणि पाणीच हवं, कारण नोरोव्हायरससारखे काही जंतू अल्कोहोलला सहज दाद देत नाहीत.

आता ब्लीचिंग पावडर. गावच्या विहिरीत टाकतात तीच. 1847 साली व्हिएन्नातल्या प्रसूती विभागात काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी सहकारी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या, म्हणजे जवळजवळ याच पावडरीच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि त्यांच्या विभागात बाळंतिणींचे मृत्यू 18 टक्क्यांवरून काही महिन्यांत 2 टक्क्यांच्या आसपास आले. आज हातांना साबण पुरतो. ही पावडर फरशी, कठडे आणि बेडपॅनसाठी. ताज्या पावडरीत साधारण 30 टक्के क्लोरीन असतो, त्यामुळे लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम टाकली की सुमारे 1 टक्क्याचं द्रावण होतं. विष्ठा किंवा रक्त सांडलं तर हे वापरावं. रोजच्या पुसण्याला दहापट पातळ पुरतं. आधी साबणाने घाण काढायची, कारण घाणीत क्लोरीन खर्ची पडतो. मग द्रावण दहा मिनिटं राहू द्यायचं.

अडचण आपल्या उन्हाळ्याची आहे. उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींनी क्लोरीन निघून जातो. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा टिनाच्या खोलीतल्या उघड्या पोत्यातली पावडर पांढरीच दिसते, पण तिच्यात दम उरत नाही. तिला घट्ट झाकणाचा डबा आणि घरातली सर्वांत थंड, कोरडी जागा द्या. द्रावण रोज ताजं करा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ती कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

जुलाब किंवा ताप असलेल्या मावशीला त्या दिवसाचा रोज न कापता घरी पाठवणं, हा खर्च मी औषधाच्याच खात्यात धरीन. पैसे बुडतात म्हणून माणूस आजार लपवतो आणि कामावर येतो.

म्हातारपणी संसर्ग झाला तरी ताप फारसा चढेलच असं नाही. 100 अंश फॅरनहाइट एकदा भरला तरी डॉक्टरांना कळवावं. कधी तेवढाही येत नाही. आजी अचानक असंबद्ध बोलू लागतात, जेवण टाकतात किंवा पडतात. हा बदल आधी मावशीच्याच लक्षात येतो. तिने सांगितल्यावर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी.