गोलाआधीचा हिशेब

ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला आणि सूरमा क्लबनं भारतीय संघाचा तेव्हाचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला ७८ लाखांना घेतलं. कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या टपरीवर चहा घेता घेता ही बातमी वाचून दाखवली, तर पहिला प्रश्न आला, "किती गोल हाणल्यात गा त्यानं?" उत्तर सोपं होतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा, स्पर्धेत सगळ्यांत जास्त. मग पैसे वसूल, असं ठरलं आणि गप्पा शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलकडे वळल्या.

पण ते गोल जवळपास सगळे पेनल्टी कॉर्नर नाहीतर स्ट्रोकवरचे, म्हणजे समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळालेल्या संधींवरचे. कॉर्नर मिळवून कुणी दिला, रेषेवरून चेंडू पुश कुणी केला, गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे डीच्या टोकावर तो जागच्या जागी थांबवला कुणी, हे गोलांच्या यादीत कुठंच येत नाही. स्टॉपरच्या हातून चेंडू वीतभर उसळला तर चेंडू स्टिकवर ओढून गोलात भिरकावणारा जगातला सर्वोत्तम ड्रॅग फ्लिकरही काही करू शकत नाही. खासबागेतल्या कुस्तीत निकाल चीतपटीचा असतो, तिथं वहीची गरज पडत नाही. हॉकीत गोल मोजके आणि त्यामागचे हात बरेच, म्हणून मोजणाऱ्यांची पंचाईत होते.

आपल्याकडं तर गोलसुद्धा नीट मोजले गेले नाहीत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळाला. रूपसिंग दहा, ध्यानचंद आठ, हे पाठ आहे. पण १९८९ ते २००४ या काळात भारताकडून ३३९ सामने खेळलेल्या आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेंच्या गोलांचा अधिकृत आकडा कुणी ठेवलाच नाही. सुमारे १७० म्हणतात, तोही अंदाजच. ही काही ध्यानचंदांच्या जमान्यातली गोष्ट नव्हे, घरोघरी टीव्ही आल्यानंतरची आहे.

गोलाच्या मागं जायची खटपट झाली ती बर्फावरच्या हॉकीत, कॅनडा आणि अमेरिकेत. तिथं बर्फावर एका बाजूचे सहा जण, त्यात एक गोलकीपर. बाकीचे पाळीपाळीनं आत-बाहेर करतात आणि एक पाळी पाऊण मिनिटाच्या आसपास संपते. त्यामुळं 'हा खेळाडू आत असताना काय घडलं' हे मोजणं शक्य होतं. १९५० च्या दशकात माँट्रियल कॅनेडियन्स संघ आपल्यापुरतं हे मोजायचा. १९६० चं दशक संपता संपता एन.एच.एल. या व्यावसायिक लीगनंच ते अधिकृत केलं. नाव पडलं प्लस-मायनस. जादा खेळाडूंच्या जोरावर केलेले गोल सोडून, आपल्या संघाचा गोल झाला तर आत असलेल्या प्रत्येकाला अधिक एक, आपल्यावर झाला तर प्रत्येकाला उणे एक.

बॉस्टनचा बचावपटू बॉबी ऑर १९७०-७१ मध्ये अधिक १२४ वर गेला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. दुसरं टोक बघा. १९७४-७५ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स हा नवा कोरा संघ ८० पैकी फक्त आठ सामने जिंकला आणि त्यानं ४४६ गोल खाल्ले. त्यांचा बिल मिकलसन उणे ८२ वर थांबला. आकड्यानुसार हा लीगच्या इतिहासातला सर्वांत वाईट खेळाडू ठरतो. खरं तर बुडत्या नावेत तो बसला होता, एवढाच त्याचा गुन्हा. सोबती कोण, समोर कोण, मागं गोलकीपर कसला, यातलं काहीच प्लस-मायनसला दिसत नाही. तरी दोन-तीन दशकं त्यावर पगार ठरत आणि वाद झडत राहिले.

पुढची उडी मारली गोलकीपरांच्या एका प्रशिक्षकानं, आणि तीही भलत्याच कारणासाठी. बफेलो सेबर्सच्या जिम कोर्सींना आपल्या गोलकीपरवर किती ताण पडतो ते बघायचं होतं. अंगावर येणारा फटका असो, बाजूनं गेलेला असो की वाटेत कुणी अडवलेला असो, गोलकीपरला प्रत्येक वेळी अंग ताठ करून तयार राहावंच लागतं. म्हणून त्यांनी गोलाच्या दिशेनं मारलेले सगळेच फटके मोजले. टिम बार्न्स नावाचा, एडमंटन ऑयलर्सचा एक चाहता 'विक फेरारी' या टोपणनावानं इंटरनेटवर लिहायचा. त्यानं ही कल्पना उलटी फिरवली: खेळाडू आत असताना आपले फटके किती आणि समोरच्यांचे किती? नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं कोर्सींचा फोटो पाहिला, त्यांच्या मिशा आवडल्या, आणि मापाचं नाव पडलं 'कोर्सी'. मिशीवरून माणूस पारखायचा म्हटलं तर कोल्हापुरात निदान कुणी हसणार नाही.

यामागचा हिशेब साधा आहे. सामन्यात गोल पाच-सहा, फटके मात्र शंभराच्या घरात. पाच-सहा गोलांत नशिबाचा वाटा मोठा असतो, शंभर फटक्यांत तो बराच विरघळतो. हे बाहेरच्या माणसांना जमलं, कारण १९९७-९८ पासून लीग प्रत्येक सामन्यातले हुकलेले आणि अडवलेले फटके संगणकावर नोंदवू लागली होती. त्या नोंदीही सोवळ्यातल्या नव्हत्या. त्यात खेळाडूंनी एकमेकांना दिलेल्या धडकाही असत, काही मैदानांवर त्या सढळ हातानं मोजल्या जायच्या, काहींवर कंजूषपणे. पण दर हंगामाला ८२ सामने असले की असली गडबड थोडीफार धुऊन निघते.

मग नशीब वेगळं काढायचंही माप आलं, पीडीओ. आपल्या संघानं समोरच्या गोलावर मारलेल्या फटक्यांपैकी किती टक्के आत गेले आणि आपल्या गोलकीपरनं किती टक्के अडवले, यांची ही बेरीज. एकाचा गोल म्हणजे दुसऱ्याच्या गोलकीपरची चूक, त्यामुळं सगळ्या लीगचा मेळ शंभरावरच बसतो. एखादा संघ बराच वर तरंगत असला तर तो बहुधा खाली येतो. २०१३-१४ मध्ये टोरंटो मेपल लीफ्स फटके खाऊनही जिंकत होते. आकडेवाले बजावत होते, जुने जाणकार त्यांना हसत होते. शेवटच्या चौदा सामन्यांत टोरंटो बारा हरले आणि प्ले-ऑफला, म्हणजे बाद फेरीला मुकले. उलट लॉस एंजेलिस किंग्ज २०११-१२ मध्ये गोल करण्यात तीस संघांत एकोणतिसावे, फटक्यांच्या हिशेबात मात्र पुढच्या रांगेत. कसेबसे प्ले-ऑफमध्ये शिरले आणि चषक घेऊन गेले. अर्थात गोलात जोनाथन क्विक भिंतीसारखा उभा होता, तोही त्या प्ले-ऑफचा मानकरी ठरला. निव्वळ कोर्सीनं चषक जिंकला असं सांगणाऱ्यांनी हेही सांगावं.

२०१४ च्या उन्हाळ्यात त्याच टोरंटोनं २८ वर्षांच्या काइल डुबासला सहायक व्यवस्थापक नेमलं. काल-परवापर्यंत चाहते म्हणून आकडे मांडणाऱ्यांनाही नोकऱ्या दिल्या. सगळे ज्या संकेतस्थळावर आकडे बघायचे, ते चालवणाराच संघात गेला आणि ते संकेतस्थळ एका रात्रीत बंद पडलं. एडमंटननंही तेच केलं. २०१५ च्या फेब्रुवारीत लीगनं हे आकडे स्वतःच्या संकेतस्थळावर आणले, फक्त 'कोर्सी' हे नाव गाळून. आता पकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीत चेंडूच्या जागी असते त्या रबरी चकतीत, आणि खेळाडूंच्या जर्सीत सेन्सर असतात.

हे सगळं उचलून आपल्या हॉकीवर चिकटवता येत नाही. इथं आत अकरा जण. १९९२ पासून कितीही वेळा बदली करता येते, म्हणून फॉरवर्ड दर काही मिनिटांनी आत-बाहेर करतात, पण बचावाची फळी बराच वेळ तीच राहते. मग कुणामुळं काय झालं ते वेगळं काढणं अवघड. सामनेही थोडे, हॉकी इंडिया लीगमध्ये एका संघाच्या वाट्याला फार तर दहा-बारा. त्यात २०१६ आणि २०१७ च्या हंगामात लीगनं मैदानी, म्हणजे कॉर्नर-स्ट्रोकशिवाय चालू खेळात झालेल्या गोलाला दोन गोल धरले. त्या वर्षांचे स्कोअर आज वाचणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो फसलाच. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. १४.६३ मीटरच्या डीबाहेरून मारलेला चेंडू थेट गोल ठरत नाही. म्हणजे मोजायची जागा नियमानंच आखून दिलेली आहे. चेंडू डीत किती वेळा गेला, कुणी नेला, त्यातून फटका किंवा कॉर्नर किती वेळा मिळाला. राष्ट्रीय संघाचे विश्लेषक व्हिडिओ लावून हेच बघतात आणि खेळाडूंच्या पाठीवर जीपीएस असतं. प्रेक्षकाला मात्र गोल आणि कार्डंच दिसतात.

म्हणून गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर शाळकरी मुलांचा एक सामना बघताना मी वही घेऊन बसलो. डीत चेंडू गेला की तो देणाऱ्याच्या नावापुढं एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. शेवटी सगळ्यांत भरलेली ओळ सेंटर हाफची निघाली. पोरगं बारीक, पॅड त्याच्या पायाला मोठेच होते. गोल शून्य. सामनावीराचा चषक ज्यानं दोन गोल केले त्याला मिळाला. शेजारी बसलेल्या काकांना वही दाखवली. त्यांनी रेघा पाहिल्या, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "ह्यो कुठल्या शाळेचा म्हणायचा?"