नवे बुश उन्हानं फाटत नाहीत
घरी जुनी अँबेसेडर नीट करणाऱ्याला सोलापुरात हमखास ऐकायला मिळतं, 'मागचे रबरी बुश इथल्या उन्हात टिकत नाहीत.' मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे ते पटतंही. बुश म्हणजे पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकात बोल्टभोवती बसणारं रबर, ज्याच्या आत धातूची नळी असते. उन्हानं रबर कडक होतं हे खरं, पण त्याला वर्षं लागतात. काही महिन्यांतच बुश फाटला तर बोल्ट कधी आवळला ते आधी पाहा. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी पकडली जाते आणि पुढची हालचाल रबर पिळूनच होते. अ‍ॅक्सल (चाकांचा दांडा) गाडी उचलल्यामुळे लोंबकळत असताना पाट्याचे बोल्ट पक्के केले, तर चाकं टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, मागून दाबून हेलकावे द्या, मगच टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) आवळा. खाली शिरायला जागा नसेल तर चाकं रॅम्पवर चढवा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.