डनेडिनचं फर्स्ट चर्च: उतरून बघायचा स्टॉप

आपल्या न्यूझीलंड टूरमध्ये डनेडिनला फर्स्ट चर्चचा स्टॉप आहे. चर्च तर मुंबईतही आहेत मग इथे उतरायचं कशाला, असं बरेच जण विचारतात, म्हणून ही माहिती निघायच्या आधीच देतोय.

हे शहर वसवलं तेच मुळात चर्चच्या मंडळींनी. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, वाद हा की पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नेमायचा कोणी, जमीनदाराने की तिथे येणाऱ्या लोकांनी, आणि जे बाहेर पडले त्यांनी फ्री चर्च काढलं (आपल्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही ह्याच बाजूला गेले). त्यातल्याच लोकांनी पार न्यूझीलंडच्या दक्षिणेला संसार हलवला. 'जॉन विक्लिफ' हे जहाज २३ मार्च १८४८ ला पोचलं, त्यावर पुढारी कॅप्टन कारगिल, आणि 'फिलिप लेंग' १५ एप्रिलला, त्यावर रेव्हरंड थॉमस बर्न्स. ऑक्टागॉन चौकात कवी रॉबर्ट बर्न्सचा पुतळा दिसेल ना, त्यांचा हा सख्खा पुतण्या. जागा मात्र ओसाड नव्हती हं, न्गाई ताहू ह्या माओरी लोकांची होती, १८४४ ला त्यांच्याकडून विकत घेतलेली, हे आम्हाला सांगायलाच हवं वाटतं.

१८६१ ला गॅब्रिएल्स गली नावाच्या घळीत सोनं सापडलं आणि गावात पैसा खुळखुळायला लागला. १८६२ मध्ये नव्या चर्चच्या, म्हणजे आपण बघणार त्याच फर्स्ट चर्चच्या, डिझाइनची स्पर्धा झाली, ती रॉबर्ट लॉसन ह्या स्कॉटिश आर्किटेक्टने 'प्रेस्बिटर' असं टोपणनाव घेऊन जिंकली. पण काम रखडलं, कारण जागा बेल हिलवर आणि ही टेकडी गावाच्या मधोमध आडवी, ती किती कापायची ह्यावरच घोळ. शेवटी जवळजवळ १२ मीटर कापली, तिच्या दगडमातीने बंदराकाठी भराव घातला. म्हणजे तुम्ही चर्चसमोर उभे राहाल ती सपाट जागा माणसांनी केलेली आहे! कोनशिला १५ मे १८६८ ला बर्न्स यांनीच बसवली, चर्च उघडलं २३ नोव्हेंबर १८७३ ला, आणि बर्न्स १८७१ मध्येच गेलेले. दर वेळी हे सांगताना वाईट वाटतं.

आता बघायचं काय, तर आधी शिखर. पन्नास मीटरच्या वर उंची, ओमारू गावचा पांढरा चुनखडक, आणि शिखरातच चारही बाजूंना दुमजली खिडक्या कोरल्यात, त्यामुळे ते आहे त्याहून उंच भासतं. वरचा भाग मनासारखा झाला नाही म्हणून लॉसननी तो उतरवून परत बांधून घेतला. असा हट्ट होता म्हणून आज दीडशे वर्षांनीही नजर तिथेच जाते. आत गेलात तर लाकडी छत आणि गोल रोझ विंडो निवांत बघा.

चर्च चालू आहे, रविवारी उपासना असते, तेव्हा आत मोबाइल सायलेंट आणि फोटो विचारूनच. आणि जॅकेट बसमध्ये ठेवून उतरू नका, डिसेंबरात तिथे उन्हाळा असला तरी वारा बोचतो.