रंग न तडकवता फेंडर कसा वळवायचा?

गाडी थोडी खाली बसवली किंवा रुंद टायर टाकले, की खड्ड्यात आणि वळणावर टायर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याला, घासायला लागतो. चाकाच्या कमानीखालून बोट फिरवून पाहा. पत्र्याची कड आतल्या बाजूला काटकोनात वळलेली हाताला लागेल. ही अरुंद पट्टी कमानीला ताठपणा देते, पण टायर कापतेही तीच. ती वरच्या दिशेला, आतल्या अंगाला दुमडणं म्हणजे फेंडर रोल करणं. अमेरिका-जपानमधले हौशी गाडीवाले हे काम घरच्या घरी करत आले आहेत. त्यात पत्रा क्वचितच दगा देतो. काम बिघडतं ते रंगापाशी.

बॉडीसाठी वापरलेलं मऊ पोलाद तुटण्याआधी तीस-चाळीस टक्के ताणलं जाऊ शकतं. त्याच्यावरचा रंग मात्र चार थरांचा असतो: गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि वर चकाकीचा क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. क्लिअर कोटमधले रेणू एकमेकांना जाळ्यासारखे बांधलेले असतात. थंडीत हे जाळं ताठ असतं, ताण आला की सरकत नाही, सरळ तडकतं. ठरावीक तापमानाच्या वर तेच रेणू हलू लागतात आणि थर लवचिक होतो. या सीमेला काचसंक्रमण तापमान म्हणतात. चिक्की याच नियमाने वागते: ताटात गरम असताना हवी तशी वळते, गार झाली की कट्‌कन मोडते.

म्हणून हीट गन. पण ती लोखंड मऊ करण्यासाठी असते हा समज चुकीचा आहे. पोलाद मऊ पडायला काही शे अंश लागतात, तेवढ्यात रंग केव्हाच जळून गेलेला असेल. उष्णता फक्त रंगासाठी द्यायची आणि पृष्ठभाग साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसवर ठेवायचा. हीट गनमधून निघणारी हवा ५०० अंशांच्या घरात जाऊ शकते, त्यामुळे ती एका जागी धरली तर काही सेकंदांत फोड येतात. हात सतत हलता ठेवायचा. शिवाय पातळ पत्रा झपाट्याने गार होतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी पुन्हा तापवायचा. खर्च करायचाच असेल तर साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरवर करा. माझ्या मते या कामात त्याच्याइतकी मोलाची दुसरी वस्तू नाही.

तापमानाइतकाच वेगही महत्त्वाचा. रेणूंना सरकायला वेळ लागतो. झटक्यात वळवलेला कोमट रंग थंड रंगासारखाच तडकतो. म्हणून एकाच फेरीत पूर्ण दुमड नको. थोडा दाब, कमानीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी, मग आणखी थोडा दाब.

आता दुमडायचं किती? समजा पत्रा ०.७ मिलिमीटर जाड आहे आणि वळणाची आतली त्रिज्याही तेवढीच आहे. साध्या भूमितीने वळणाची बाहेरची त्वचा सुमारे ३३ टक्के ताणली जाते. पट्टी पूर्ण सपाट चेपली तर त्रिज्या शून्याकडे जाते आणि हाच ताण १०० टक्क्यांकडे धावतो. कारखान्यात काटकोन वळवला गेला तेव्हा पत्रा कोरा होता, रंग त्यानंतर चढला. त्यामुळे त्या पहिल्या वळणाचा भार रंगावर नसतो, आपण घातलेल्या नव्या दुमडीचा मात्र सगळा असतो. पट्टी पंचेचाळीस अंशांवर नेऊन टायर घासायचा थांबत असेल तर तिथेच थांबावं. पोलाद थोडं मागे उसळतं, म्हणून दाब काढल्यावर पुन्हा मोजावं.

सर्वांत स्वस्त पद्धत बेसबॉलच्या बॅटची. टायर आणि पट्टीच्या मध्ये बॅट घालतात आणि गाडी हळूहळू पुढेमागे ढकलतात. बॅट निमुळती असल्याने पाचरीसारखी दाबते. खर्च जवळपास शून्य, पण दाब किती आणि कुठे पडतोय हे हातात राहत नाही, आणि कमान बाहेर फुगण्याची भीती असते. त्यापेक्षा चाक काढून हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) बोल्टने बसवायचं रोलर हत्यार बरं. त्याचा दांडा कमानीच्या गोलाईवरून फिरतो आणि दाब स्क्रूने वाढवता येतो. अमेरिकेत ते भाड्याने मिळतं, चार मित्रांनी मिळून घेतलं तरी परवडतं. गाडी मात्र जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवरच उभी हवी.

सुरुवातीला चुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर पॅनेल ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं आहे. ॲल्युमिनियम तीव्र वळणाला लवकर चिरतं, प्लॅस्टिकला ही पद्धत लागूच नाही. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग झालेल्या फेंडरखाली पुट्टी असेल तर हात लावू नका. ती रंगासारखी लवचिक होत नाही, ढलपीच निघते. मागच्या कमानीत बाहेरचा आणि आतला पत्रा स्पॉट वेल्डने जोडलेला असतो आणि फटीत सीलंट असतं. तिथे दुप्पट जाडी वळवावी लागते आणि सीलंट फाटलं की पाणी आत शिरतं. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत ही फट फार महागात पडते.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. आरसीवरच्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, म्हणून टायरचा आकार बदलण्याआधी ते तपासून घ्या.

काम झाल्यावर टॉर्च तिरपी धरून दुमडीची बाहेरची कड नीट पाहा. केसाएवढी चीरही तिरप्या उजेडात दिसते. दिसली तर त्याच दिवशी टच-अप रंग लावावा. आतल्या बाजूला मात्र चीर असो वा नसो, नवं सीलंट आणि त्यावर गंजरोधक मेणाचा थर द्यावाच.