पाय किती वर जातो आणि तिथे किती टिकतो

नाचाच्या खासगी शिकवणीत पहिल्याच दिवशी करून पाहावी अशी एक सोपी चाचणी आहे. विद्यार्थ्याने पाठीवर झोपायचं आणि गुडघा सरळ ठेवून एक पाय जमेल तितका वर उचलायचा. मग शिक्षकाने तोच पाय हाताने हळूहळू आणखी वर न्यायचा आणि विद्यार्थी 'बस' म्हणाला की थांबायचं. या दोन उंचींमध्ये जो फरक पडतो, तेवढी लवचिकता शरीरात आहे पण ताब्यात नाही. पुढचे काही महिने काय शिकवायचं हे ठरवायला याहून उपयोगी मोजमाप मला तरी माहीत नाही.

नाचताना पाय कोणी धरून ठेवत नाही. तो हवेत थांबवायचं काम खुब्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू करतात, आणि पाय जितका वर तितके ते आखूड झालेले असतात. स्नायूच्या आत प्रथिनांचे सूक्ष्म धागे एकमेकांवरून सरकतात, त्यातून जोर येतो. ते आधीच बरेच सरकून गेले असतील, तर जोर लावायला फारसा वाव उरत नाही. म्हणूनच कंबरेच्या वर गेलेला पाय थरथरतो. मांडीमागचा स्नायू रोज तासभर ताणला तरी ही थरथर जात नाही. त्यासाठी पाय वर नेऊन तो तिथे काही सेकंद स्वतःच्या बळावर धरायचा, सावकाश खाली आणायचा, असा सराव लागतो.

मग ताण देऊन नेमकं बदलतं काय? १९९६ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मांडीमागच्या स्नायूंना काही आठवडे नियमित ताण देऊन हे तपासलं. पाय जास्त वर जाऊ लागला, पण त्याच कोनात स्नायूचा विरोध मात्र पूर्वीइतकाच होता. वाढली होती ती ताण सोसण्याची तयारी. म्हणजे सुरुवातीची प्रगती बरीचशी मज्जासंस्थेची असते. 'इथवर गेलं तरी धोका नाही' असा तिला भरवसा वाटू लागतो.

हा भरवसा जबरदस्तीने मिळत नाही. स्नायूत ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. झटका बसला की ते क्षणार्धात स्नायूला आकसायला लावतात. मुलांच्या पाठीवर किंवा मांड्यांवर भार देऊन स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना जमिनीला टेकेपर्यंत पसरणं) करवून घेण्याची पद्धत मला म्हणूनच घातक वाटते. आकसलेला स्नायू आपली सगळी ओढ हाडाशी जोडलेल्या टोकावर टाकतो. मांडीमागचे स्नायू ज्या बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात, तिथला वाढीचा भाग किशोरवयात अजून पक्का जुळलेला नसतो आणि तो तुकड्यासकट निखळू शकतो. रडणाऱ्या मुलाला 'सहन कर' म्हणणं हे प्रशिक्षण नव्हे.

पाय बाहेर वळवण्याची मर्यादा तर बरीचशी हाडांनीच ठरवलेली असते. खुब्याची खोबण किती खोल, तिचं तोंड कुठे, मांडीच्या हाडाला पीळ किती, हे प्रत्येकाचं वेगळं. खुब्यातून न मिळालेलं वळण पावलं जमिनीला घट्ट रोवून मिळवू पाहिलं, की पीळ गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. गटात सगळ्यांची पावलं एका कोनात दिसावीत असा आग्रह असतो. एकट्याच्या तासात तो सोडून देता येतो.

वॉर्मअपबद्दल थोडक्यात: आधी घाम येईपर्यंत हालचाल, मग पाय झुलवण्यासारखे हलते व्यायाम. एकाच स्नायूचा मिनिटाहून अधिक स्थिर ताण तासाच्या शेवटी ठेवावा, कारण त्यानंतर काही काळ ताकद थोडी घटते.

सर्वांत जास्त काळजी मला वाटते ती जन्मतः सैल सांध्यांच्या मुलांची. सांधे किती सैल आहेत हे मोजणाऱ्या बाइटन चाचणीत करंगळी, अंगठा, कोपर, गुडघा आणि पाठीचा कणा पाहून ९ पैकी गुण देतात. जास्त गुणांच्या मुलाला स्प्लिट सहज येतो, कौतुक होतं, आणि त्याला आणखी ताणलं जातं. त्याला खरी गरज असते ताकदीची. उभं राहताना त्याचा गुडघा मागे झुकतो आणि ते त्याला स्वतःला अनेकदा जाणवतही नाही. शिक्षकाने बाजूला बसून, 'इथे सरळ झाला, आता थांब' असं सांगत राहावं लागतं, आणि एका पायावरचा तोल त्याच जागी पुन्हा पुन्हा करून घ्यावा लागतो.