कर्नलमधल्या शर्यती आणि ‘निरुपद्रवी’ हा शब्द

२००० च्या सुमारास गोव्यातल्या अनेक शाळांत वापरलेले संगणक आणून बसवले गेले आणि त्यांवर लिनक्स चढवलं गेलं. आमच्यातल्या काहींची कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, पहिली ओळख तिथलीच. त्या यंत्रांत प्रोसेसर एकच असे. इंटरप्ट (हार्डवेअरची मध्येच येणारी हाक) घुसला किंवा कर्नलचा कोड अर्ध्यात झोपी गेला, तरच कोडच्या दोन तुकड्यांचे हात एका मेमरीवर पडायचे. शर्यत म्हणतात ती इथूनच.

जास्त प्रोसेसरांच्या यंत्रांसाठी १९९६ च्या २.० आवृत्तीत अख्ख्या कर्नलला एकच मोठं लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, होतं. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जायला एकच फेरीबोट असावी, तसं: टक्कर नाही, पण रांग लांबलचक. ते फोडून लहान लॉक करण्यात पंधरा वर्षं गेली. शेवटचा अवशेष २०११ मध्ये, २.६.३९ मध्ये निघाला. दरम्यान २००२ मध्ये आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) ही पद्धत आली. त्यात वाचणारा लॉक घेत नाही. जुनी वस्तू मोकळी करणारा आधीचे सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत थांबतो. वेग मिळाला, पण कोणती वस्तू कोणी कधीपर्यंत धरली आहे हा हिशेब माणसाच्या डोक्यात गेला. तो चुकला की मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागतो.

आता शब्दांचा गुंता. ‘रेस कंडिशन’ आणि ‘डेटा रेस’ ही दोन्ही नावं आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, मराठीत तर दोन्हींना ‘शर्यत’च म्हणतो. रेस कंडिशन म्हणजे घटनांच्या क्रमावर निकाल ठरणं. डेटा रेस ही त्याहून नेमकी गोष्ट: मेमरीत एकाच जागेवर दोन थ्रेड (कोडचे समांतर चालणारे धागे) एकाच वेळी पोचतात, निदान एकाचा कोड साधा, म्हणजे ‘इथे दुसऱ्याचाही हात पडू शकतो’ अशी खूण नसलेला असतो, आणि निदान एक तिथे लिहितो. एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालेली ‘डर्टी काऊ’ ही कर्नलमधली सुरक्षेची चूक घ्या. पेज टेबलच्या, म्हणजे मेमरीच्या ‘पानां’च्या नोंदवहीच्या, नोंदी लॉकखाली बदलल्या जात होत्या, म्हणजे घोळ डेटा रेसचा नव्हता. दोन लॉकांच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड कॉपी केलेलं पान टाकून द्यायचा, आणि लिहिणं थेट फक्त वाचण्यासाठी असलेल्या मूळ फाइलच्या पानावर व्हायचं. ही फट २००७ पासून सताड उघडी होती. त्याहीआधी, २००५ मध्ये, तिच्यावर एक दुरुस्ती झाली होती. एका मेनफ्रेम आर्किटेक्चरवर अडचण आली म्हणून ती मागे घेतली गेली. तेव्हा ही शर्यत ‘केवळ तात्त्विक’ होती, असं २०१६ ची दुरुस्ती करणाऱ्यानेच नोंदवलं आहे. मेमरीचा कोड जास्त प्रोसेसरांवर चपळ होत गेला, तशी तीच फट गाठणं सोपं होत गेलं. नवी दुरुस्तीही मोठ्या पानांच्या बाबतीत अपुरी निघाली आणि २०१७ मध्ये पुन्हा हात घालावा लागला.

‘तात्त्विक’चं भावंड म्हणजे ‘निरुपद्रवी’. २०२० च्या ५.८ आवृत्तीत डेटा रेस शोधणारं केसीसॅन आलं आणि त्याने जागोजाग बोट दाखवायला सुरुवात केली. जुनेजाणते म्हणाले, हा नुसता आकडेवारीचा काउंटर आहे, एखादी बेरीज हुकली तर काय बिघडलं? खुणा घालून कोड का विद्रूप करायचा? हे म्हणणं पोकळ नाही. साधन गप्प करण्यापुरतीच ‘रीड वन्स’ची (एकदाच वाच) खूण घातली, तर खरी चूक तिच्याखाली झाकली जाते.

तरीही मला खुणेची बाजू पटते. निरुपद्रवी म्हणताना आपण आपला हेतू सांगतो, आणि कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला तो माहीत नसतो. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) शून्य नाही हे तपासून तो पुढे वापरला, तर कंपायलर दुसऱ्यांदा मेमरीतून वाचू शकतो. मधल्या क्षणात पॉइंटर बदललेला असू शकतो. सी भाषेच्या २०११ च्या मानकाने डेटा रेसला अनिर्धारित वर्तन ठरवलं, म्हणजे मग काहीही घडू शकतं. कर्नलने ते मानक जसंच्या तसं न घेता स्वतःचं मेमरी मॉडेल (वाचण्या-लिहिण्याच्या क्रमाचे नियम) २०१८ मध्ये, ४.१७ मध्ये सोर्समध्ये आणलं. म्हणजे काय निरुपद्रवी, हे ठरवायची जबाबदारी आपणच अंगावर घेतली. खूण ही त्या जबाबदारीखालची सही आहे, आणि सही करण्याआधी माणूस एकदा तरी नीट वाचतो.

२०२२ च्या ६.१ मध्ये कर्नलमध्ये रस्ट ही दुसरी भाषा आली. सुरक्षित रस्टमध्ये डेटा रेस कंपाइलच होत नाही, पण ‘अनसेफ’ चौकटीत, जिथे कंपायलर सगळं तपासू शकत नाही, हमी देणारा कोड लिहिणारा माणूसच असतो. डिसेंबर २०२५ मध्ये कर्नलमधल्या रस्ट कोडला पहिला सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या चुकीचा जाहीर नोंद-क्रमांक) मिळाला, तोही शर्यतीचाच. अँड्रॉइडच्या प्रोग्रॅमांमधले निरोप पोचवणाऱ्या बाइंडर ड्रायव्हरमध्ये अनसेफच्या वर टिपण होतं: हा घटक एकतर या यादीत असेल किंवा कुठल्याच यादीत नसेल. पण दुसरा थ्रेड लॉकखाली अख्खी यादी स्वतःच्या स्टॅकवर (त्याच्या कामापुरत्या खासगी मेमरीत) उचलून नेत होता आणि लॉक सोडून ती चाळत होता. घटक त्या तिसऱ्या जागी असताना काढला गेला की पुढचे-मागचे पॉइंटर बिघडत. दुरुस्तीत यादी उचलून नेणं बंद झालं. आता मूळ यादीतूनच एकेक घटक काढला जातो.